एकास एकवीस

जालन्याहून फोन आला तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. पलीकडे फोटोच्या कागदाचं दुकान चालवणारे गृहस्थ होते. "तुम्ही अरुणरावांच्या वहिनी का?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मग एका दमात सांगून टाकलं. भाऊजी नेहमीप्रमाणे सकाळच्या गाडीनं कागद आणायला गेले होते. दुकानाच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला, गॅसपाशी आले आणि मेथ्या करपायच्या आत ती फोडणी कढीत ओतली. कढी चांगली झाली होती. नंतर आठवडाभर पुष्कळ बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रडून घ्या, आत ठेवू नका. आत काही आहे असं मला वाटतच नव्हतं. आजही वाटत नाही. हात चालतात, दूध तापतं, दारावर कोणी आलं की मी सांगते, आणि सांगताना दुसऱ्या कुणाच्या तरी घरची गोष्ट सांगतेय असं वाटतं.

मागच्या खोलीत जाऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान, दत्तात्रयराव. अरुणभाऊजींचे थोरले भाऊ. रेल्वेत स्टेशन मास्तर होते. निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं बहुतेक गेलं, आणि तेव्हापासून ते खिडकीशेजारच्या पलंगावर आहेत. मी म्हटलं, "अहो, भाऊजी गेले." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं गाडीची चुकीची वेळ सांगणाऱ्या माणसाकडे बघावं. मग हळूहळू मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. हे भिंतीकडे तोंड करणं आमच्या घरात नवीन नव्हतं. ते तोंड खिडकीकडे वळवण्यासाठी भाऊजींनी आयुष्याची शेवटची वर्षं घालवली होती, आणि आमच्या बदनापुरातल्या लोकांना वाटत होतं की स्टुडिओवाला अरुण म्हातारपणी खेळण्यातली आगगाडी करतोय.

मी या घरात आले एक्याऐंशी साली. माझं स्थळ जमवणाऱ्यांनी मुलाचं वर्णन करताना सांगितलं होतं: रेल्वेत आहे, निर्व्यसनी आहे, सहा फुटी आहे. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या. तिसरी खोटी होती हे मला अंतरपाट दूर झाला त्याच क्षणी कळलं. पण स्थळाच्या वर्णनाला टेप कोण लावतं? खरं म्हणजे ही थाप स्थळ जमवणाऱ्यांचीही नव्हतीच. ती भाऊजींची. वडील लवकर गेले, ह्यांनीच त्यांना वाढवलं, स्वतःच्या पगारातून शिकवलं. जिथं जिथं बदली झाली तिथल्या क्वार्टरमध्ये सोबत ठेवलं. लहानपणी खालून वर बघताना भाऊजींनी कधीतरी ठरवलं असणार की दादा सहा फुटांचा आहे, आणि पुढं कधी ते तपासायची गरज त्यांना वाटली नाही. कुठल्याही गोष्टीचं माप सांगताना ते दादाचं माप वापरत. विहिरीला पाणी किती? दादाच्या दोन पुरुष. कणसं किती वाढली? दादाच्या छातीला लागली. मी चेष्टा करायचे, "भाऊजी, सरकारनं फूट-इंच उगाच काढले." ते हसायचे आणि परत तेच.

कॉलेज त्यांना झेपलं नाही. कॅमेरा झेपला. पुढं बदनापूरच्या घरात, रस्त्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांनी स्टुडिओ टाकला, मागं आम्ही राहायचो. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "वहिनीच्या हातची भाकर सोडून म्या कुटं जाऊ?" हे उत्तर मला आवडायचं आणि रागही यायचा, कारण भाकरी मलाच कराव्या लागत. स्टुडिओत आलेल्या प्रत्येकाला ते पहिला प्रश्न एकच विचारत: "किती मोठा करू?" पासपोर्ट, पोस्टकार्ड, की भिंतीवर लावायचा बारा बाय पंधरा. गेलेल्या माणसाचा जुना, सुरकुतलेला फोटो घेऊन धावड्यापासून, मंठ्यापासून लोक येत. कोणाला केवढं करायचं हे भाऊजी फोटोकडे न बघता आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवत. त्यांचं त्यात सहसा चुकत नसे.

मग मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, आली. छोटे रूळ उचलले गेले. ज्या छोट्या लाइनवर ह्यांची सगळी नोकरी गेली तिच्यावरचं एक लहान स्टेशन, ज्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही आमची बरी वर्षं काढली, तेही पाडलं. हे काही बोलले नाहीत. हे तसेही कधी फार बोलत नसत. निवृत्ती झाली, मग झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर ह्यांनी जे भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. खिडकीतून परस दिसतं, परसात कडुलिंब आहे, पलीकडून आता मोठ्या लाइनची गाडी जाते. हे बघायचे नाहीत. भरवायला मी वाटी घेऊन गेले की ओठ घट्ट मिटत. डॉक्टर म्हणाले, शरीराचं आम्ही बघतो, पण ह्यांना उठायची इच्छा पाहिजे. इच्छा कुठून आणायची ते डॉक्टरांनी लिहून दिलं नाही.

आणि त्याच दिवसांत भाऊजींना औरंगाबादला रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक सापडलं. गोऱ्या लोकांच्या बागा, बागेतल्या हिरवळीतून फिरणाऱ्या लहानशा आगगाड्या, आणि बाजूला खुर्चीत ब्लँकेट पांघरून बसलेले म्हातारे. भाऊजींनी ते मासिक माझ्यासमोर ठेवलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे ही हमाली माझी. "वहिनी, बघा बरं, काय काय लिहून राह्यले हे लोक." मी वाचत गेले आणि ते ऐकत गेले. त्यातून एवढं कळलं की घराबाहेर अशी गाडी चालवायची तर इंजिन आणि रूळ नंतर येतात. आधी प्रमाण ठरवायचं: खऱ्या गाडीचा कितवा भाग करायचा. एकास सत्त्याऐंशी केली तर सगळी गाडी ओट्यावर मावते, पण रुळावर लिंबाचं एक वाळकं पान पडलं की अपघात. माणूस वर बसेल एवढी मोठी केली तर एका वळणातच आमचं परस संपणार. मधे दोन-तीन प्रमाणं होती, आणि प्रत्येकाचे कैवारी मासिकात एकमेकांशी भांडत होते. भाऊजी शांतपणे म्हणाले, "ह्यांना म्हाईतच न्हाई गाडी कुनासाठी करायची ते. म्हणून भांडून राह्यले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याची तीन इंजिनं कापली. एक वीतभर, एक हातभर, एक दीड हात. तिन्हींना काळा रंग दिला. मग मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही लिंबापाशी हुब्या ऱ्हा. म्या दादापाशी झोपतो." आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस खरोखरच पलंगावर ह्यांच्या शेजारी, ह्यांच्याच उशीवर डोकं ठेवून झोपला, म्हणजे दादाला जे दिसेल तेच आपल्याला दिसावं. मी परसात एकेक इंजिन कमरेच्या खाली धरून इकडून तिकडे चालत होते. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "मॅडम, शाळेत नाटक बसवताय का?" मी हो म्हणाले. आतून भाऊजींचा आवाज यायचा. वीतभर इंजिनाला, "उंदीर पळून राह्यला." हातभर इंजिनाला, "गाडी हाये येवढं कळतं. कोन्ती ते कळंना." दीड हाताचं इंजिन घेऊन मी निघाले, लिंबापर्यंत पोचले. मग भाऊजी म्हणाले, "थांबा वहिनी. तितंच थांबा. हे आपल्या छोट्या लाइनचं हाये." मी खिडकीतून बघितलं. भाऊजींचे डोळे भरले होते. शेजारी हे भिंतीकडे तोंड करून होते तसेच होते.

अशा रीतीनं प्रमाण ठरलं, एकास साडेबावीस. मासिकातल्या हिशोबातही ते बसलं: परदेशी बागांतले रूळ पंचेचाळीस मिलिमीटर अंतरावर असतात, छोट्या लाइनचे रूळ मीटरभर अंतरावर, भागून बघा, जवळजवळ तेच येतं. भाऊजींना केवढा आनंद झाला! जणू जगातल्या सगळ्या गोऱ्यांनी छोटी लाइन डोळ्यांसमोर ठेवूनच माप धरलं होतं. आमच्या गल्लीतले रशीदभाई सुतार, ह्यांचे जुने स्नेही, त्यांनी सागाच्या चिपा कापून स्लीपर केले. लोखंडी पट्ट्या उभ्या ठोकून रूळ झाले. इंजिनात मोटार मावेना, म्हणून ती मागच्या मालडब्यात बसवली. इंजिन ओढल्याचं सोंग करायचं आणि डबा ढकलायचा. मी म्हटलं, "पुष्कळ घरांत असंच असतं." भाऊजींनी ते मनाला लावून घेतलं नाही.

मासिकात दाखवलं होतं तसे त्यांनी रूळ सरळ जमिनीवर टाकले. हिवाळ्यात गाडी छान फिरली. पण मासिकवाल्यांना आमची काळी माती काय ठाऊक? चैत्र संपता संपता तिला भेगा पडायला लागल्या, पंजा आत जाईल एवढ्या. एका दुपारी मोटारीचा मालडबा रुळासकट भेगेत गेला. रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. "अरुणभाय, काळ्या मातीवर कुंपनाची भिंत टिकत न्हाई, आन् तुम्ही रेल्वे टाकून राह्यले? आधी चर खंदा, मुरूम भरा, बराबर ठोका." मग सगळं उपटून, चर खणून, मुरूम भरून रूळ पुन्हा घातले. एवढ्या खटाटोपात ह्यांनी एकदाही मान वळवली नाही. मी रागावून भाऊजींना म्हणायचे की ज्याच्यासाठी करताय तो बघतसुद्धा नाही, कशाला मरता? ते म्हणायचे, "बघंल. दादा येळेवर बघंल."

मग त्यांनी ते पाडलेलं स्टेशन करायला घेतलं. त्याचा नकाशा कोणाकडे असणार? भाऊजींनी स्वतः काढलेला एक फोटो होता: स्टेशनाच्या दारात पांढऱ्या गणवेशात हे उभे. भाऊजींनी फोटोवर फूटपट्टी ठेवून हिशोब केला. दार दादाच्या सव्वापट. दादा सहा फूट. मग दार साडेसात फूट. खिडकी, ओटा, छपराची उतरण, सगळं दादाच्या उंचीवरून काढलं. फरशीच्या तुकड्यांचं, सिमेंटचं, कौलारू छपराचं ते स्टेशन इतकं हुबेहूब झालं की मला आतून स्टोव्हचा वास येईल असं वाटायचं. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या गयाबाई कुंभारणीकडून त्यांनी माणसं करून घेतली: हमाल, पाणी पाजणारी बाई, एक शेळी, आणि दारात उभे राहणारे स्टेशन मास्तर, तीन इंचांहून थोडे जास्त. समोर सिग्नल उभा केला. हात वर असला की थांबा, खाली पडला की या.

ज्या दिवशी हे सगळं मांडून पहिल्यांदा गाडी सोडली त्या दिवशी मी खिडकीशी ह्यांची पाठ पुसत होते. गाडी लिंबाला वळसा घालून आली, स्टेशनासमोरून डौलात निघाली, आणि भिंतीकडून एक आवाज आला. पहिल्यांदा वाटलं ठसका लागला. मग पुन्हा आला, रागाचा, स्पष्ट. "शिंगल!" मी जागच्या जागी थांबले. "शिंगल... पाडलं न्हाई!" भाऊजी परसातून धावत आले. सिग्नलचा हात वर होता आणि ते गाडी बिनदिक्कत स्टेशनातून घेऊन गेले होते. पण ह्यांना हे दिसलं कसं? मी ह्यांच्या उशीशी वाकले आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर भाऊजींनीच मोठा करून लावलेला सासूबाईंचा फोटो आहे, काचेच्या चौकटीत. त्या काचेत सगळं परस दिसत होतं. लिंब, रूळ, स्टेशन. हा माणूस काचेत बघत होता. कधीपासून ते त्यालाच माहीत. पुठ्ठ्याचं इंजिन घेऊन मी परसात येरझाऱ्या घातल्या तेही बघितलं असणार. मला इतका संताप आला की हातातला पंचा मी त्यांच्या अंगावर टाकला. आणि भाऊजी पलंगाच्या पायथ्याशी बसून हसत होते, रडत होते, म्हणत होते, "चुकलं दादा, बिलकुल चुकलं माझं. फिरून आनतो गाडी."

त्या दिवसापासून ह्यांनी तोंड खिडकीकडे केलं. भाऊजींनी सिग्नलला दोरा बांधून तो खिडकीतून पलंगापर्यंत आणला. ह्यांनी डाव्या हातानं दोरा ओढल्याशिवाय गाडी यायची नाही. कधी कधी हे मुद्दाम ओढायचे नाहीत, आणि भाऊजी बिचारे उन्हात लिंबापाशी गाडी घेऊन थांबायचे. जेवण सुधारलं. शब्द एकेक करून परत आले. पहिले सगळे रेल्वेचेच होते, त्यामुळे वर्षभर आमच्या घरात चहासुद्धा "सुटायचा".

उभं राहायला आधार म्हणून लाकडी चौकट करायची ठरली, त्यासाठी रशीदभाई टेप घेऊन आले. ह्यांना सरळ झोपवून टाचेपासून डोक्यापर्यंत माप घेतलं. "पाच फूट सात." भाऊजी म्हणाले, "परत बघा." परत पाच फूट सात. "झोपल्यावर मानूस आखडतो, रशीदभाई." रशीदभाई म्हणाले, "उलटं हाये, अरुणभाय. झोपल्यावर मानूस लांबतो." हे डोळे मिटून पडले होते. मी चहा करायला उठले, कारण मला हसू येत होतं आणि भाऊजींचं तोंड बघून हसणं बरं दिसलं नसतं.

चहा घेऊन परसात गेले तर भाऊजी स्टेशनासमोर उकिडवे बसले होते. गेले काही महिने त्यांना एक गोष्ट खटकत होती: स्टेशनासमोर गाडी बुटकी दिसायची. डब्याचं दार आणि स्टेशनाचं दार जुळत नसे. कुठं चुकलं ते सापडत नव्हतं. आता सापडलं होतं. सहा फुटांच्या दादावरून बांधलेलं स्टेशन आणि त्यात उभा दादा, दोन्ही खऱ्यापेक्षा मोठी झाली होती. मी सहज म्हटलं, "त्यात काय एवढं? गयाबाई दुसरी मूर्ती करून देईल. स्टेशन जरा लहान बांधा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "दादाला कमी करनं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, वहिनी. म्या गाडी वाढवतो."

आणि खरोखरच वाढवली. रात्री जेवताना हिशोब मला समजावून सांगितला: एकास साडेबावीसनं सहा फुटांचा माणूस जेवढा येतो, बरोबर तेवढाच पाच फूट सात इंचांचा माणूस एकास एकवीसनं येतो. मग गाडी एकास एकवीस करायची. दादा आहे तसाच राहतो आणि कुठंच खोटं पडत नाही. सगळे डबे मोडले, इंजिनाचा पत्रा नव्यानं कापला. रूळ तेवढे तसेच राहिले, म्हणजे ते आता अडीच मिलिमीटर अरुंद. मी मासिक पुन्हा चाळून बघितलं. एकास एकवीस नावाचं प्रमाण त्यात कुठंच नव्हतं. "नसंना का," भाऊजी म्हणाले, "त्यांच्या घरी दादा न्हाई."

मग काही वर्षं रोज संध्याकाळी दोरा ओढला जायचा आणि गाडी यायची. यापेक्षा जास्त काही घडलं नाही, आणि त्या वेळी मला वाटलंही नाही की हे कधी थांबेल. दर उन्हाळ्यात भाऊजी रुळांच्या दोन्ही अंगांच्या भेगांत मुरूम भरायचे. डिजिटल आल्यावर स्टुडिओचं काम उतरलं तरी भिंतीवरचे मोठे फोटो ते जुन्या पद्धतीनंच करत, आणि त्याचा कागद आणायला जालन्याला जात. तसेच परवा गेले... परवा कसलं, आता दोन महिने होत आले.

त्यांच्यामागं पाऊस झाला आणि काळी माती फुगली. लिंबाजवळचे रूळ वर आले आहेत. गाडी स्टुडिओच्या फळीवर झाकून ठेवली आहे. कशी चालवायची ते मला माहीत आहे, बटण एकच आहे; पण हात जात नाही. दोरा खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवलाय. हे तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून होते, आणि ओठ पुन्हा मिटायला लागले होते. एका दुपारी मी ह्यांच्या उशीशी डोकं ठेवून काचेत बघितलं, म्हटलं कदाचित काही बघत असतील. काचेत नुसते रिकामे रूळ दिसत होते. मला त्या दिवशी भीती वाटली. भाऊजी गेल्याचं दुःख अजून माझ्यापर्यंत पोचलेलं नाही, पण ती भीती पोचली: एकाच्या मागोमाग दुसराही जाणार, आणि मी नुसती वाटी घेऊन उभी राहणार.

पोळ्याच्या आधी गयाबाई मातीचे बैल घेऊन मागच्या दारानं आली. दरवर्षी येते. तिला कळलं होतं. टोपली उतरवून ती सरळ आत गेली आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "भाऊनं माझ्याकडनं समदे करून घेतले, साहेब. हमाल केला, पान्याची बाई केली, शेळी केली. सोताचा न्हाई केला. म्या म्हनलं बी व्हतं, तुमचा करू का? तर म्हनले, म्या गाडी चालवतो, मला तितं काय काम?" ती पलंगाकडे सरकली. "करू का एक? भट्टी लावलीच हाये."

हे हलले नाहीत. गयाबाईनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, राहू दे म्हणून. ती उठायला लागली तेव्हा ह्यांचा डावा हात पांघरुणाबाहेर आला आणि बोटं हलली. काहीतरी मागत होते. "काय पाहिजे?" मी विचारलं. "मास्तर," हे म्हणाले.

मी परसात गेले. स्टेशनाच्या दारातली ती मूर्ती उचलली, पदरानं तिच्या पायांचा चिखल पुसला आणि आणून पलंगावर उभी करून ह्यांच्या हाताशी धरली. मान वळवून हे तिच्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताची दोन बोटं आडवी करून त्यांनी मूर्तीच्या डोक्यावर ठेवली, आणि त्या बोटांच्या वरच्या कडेकडे डोळ्यांनी गयाबाईला खुणावलं. एवढा.

"अहो, एवढा उंच?" मी म्हटलं. "दारात मावायचा नाही तो."

"वाकंल," हे म्हणाले. दम लागला. थांबून, शब्द गोळा करून पुन्हा म्हणाले, "माझ्याहून उंच व्हता. जल्मभर... माझ्यापाशी वाकूनच हुबा ऱ्हायला."

झटक्याआधी वीस-बावीस वर्षं दोघांना शेजारी शेजारी उभं बघितलेली मी, मला वाटायचं कॅमेऱ्यामागं उभं राहून राहून भाऊजींना पोक आलंय. गयाबाईनं खराट्याची एक काडी मोडून मूर्तीच्या पायापासून ह्यांच्या बोटांच्या वरपर्यंत माप घेतलं, आणि माती भट्टीत आखडते म्हणून काडी वर आणखी नखभर जास्त ठेवली.